तपासनीस बाईंबरोबर चाकणपर्यंत

निवृत्तीनंतर आमच्या मंगळवेढ्यातली माणसं साधारणपणे दोनच ठिकाणी जातात. एक तर मुलाकडे, नाहीतर देवाकडे. मी पिंपरी-चिंचवडला गेलो, आणि तेही लॅबोरेटऱ्या बघायला. गावात हे सांगितलं तेव्हा जो भेटेल तो विचारायचा, "सर, काय निघालं हो तुम्हाला?" मला काही निघालं नव्हतं. निदान तेव्हा तरी तसं वाटत होतं.

तपासणी माझी नव्हती, लॅबची होती, आणि तपासणार होती माझी बायको. वसुधाने नोकरीची सगळी वर्षं सोलापूरला जंतूंच्या प्रयोगशाळेत काढली. आता एक संस्था तिला अधूनमधून बोलावते. क्षय, टायफॉइड असल्या आजारांच्या तपासण्या करणाऱ्या ज्या लॅब या संस्थेकडे आपणहून नाव नोंदवतात, त्यांचं काम सरळ चाललंय की नाही ते पाहून यायचं. म्हणजे लॅब लोकांना तपासते आणि वसुधा लॅबला तपासते. "मग तुला कोण तपासतं?" असं मी एकदा विचारलं होतं. "तुम्ही आहात की," ती म्हणाली. ते कौतुक होतं की तक्रार, याचा निकाल अजून लागलेला नाही.

मी भूगोल शिकवत असे. पिंपरी-चिंचवडचा औद्योगिक पट्टा मी कित्येक वर्षं पोरांकडून नकाशात तांबड्या पेन्सिलीने रंगवून घेतला, पण स्वतः कधी पाहिला नव्हता. या वेळी वसुधाबरोबर जाणारी मैत्रीण आजारी पडली आणि मी तिच्या जागी घुसलो.

आमच्या सामानात दोन मौल्यवान वस्तू होत्या. वसुधाची थर्माकोलची पेटी आणि माझा पाण्याचा कॅन. पेटीत बर्फाच्या पिशव्यांमध्ये छोट्या कुप्या आणि काचपट्ट्या होत्या. त्यांवर नुसते नंबर, उत्तरं वसुधाच्या बॅगेत. लॅबवाल्यांनी तपासून उत्तर सांगायचं, वसुधाने ताडून बघायचं. कॅनमध्ये आमच्या आडाचं पाणी होतं. कारखान्यांच्या मुलखातलं पाणी प्यायचं नाही हे मी निघतानाच जाहीर केलं होतं. वसुधा घरी स्वतःसाठी पाणी उकळून घेते. मी घेत नाही. उकळलेलं पाणी मला पाण्याचं प्रेत वाटतं.

चिंचवड

पहिला प्रसंग पेटीवरूनच घडला. चिंचवडच्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये वसुधाने गंभीर चेहऱ्याने पेटी टेबलावर ठेवली. भोवती पांढऱ्या कोटातली सगळी मंडळी अदबीने उभी. झाकण उघडलं, आणि कुप्यांच्या शेजारी निघाला खरवसाचा डबा.

खरवस मी ठेवला होता. एवढा बर्फ वाया का घालवायचा, असा माझा साधा हिशोब. वसुधाने डबा उचलला, दारापर्यंत आली, बाहेर बाकावर बसलेल्या माझ्या मांडीवर ठेवला आणि एक शब्द न बोलता आत गेली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर न बोललेले शब्द फार स्पष्ट ऐकू येतात. डबा गच्च बंद होता, तरी कुप्या बाहेरून पुसून, औषध लावून पुन्हा मांडाव्या लागल्या, हे मला नंतर सविस्तर कळलं. तो खरवस मग कचऱ्यात गेला. मी एक वडी वाचवायचा प्रयत्न केला, तोही पकडला गेला.

मला लॅबच्या आत प्रवेश नव्हता. त्यामुळे हे सगळं प्रवासवर्णन बाकावरून लिहिलेलं आहे हे वाचकांनी लक्षात घ्यावं. चिंचवडचा बाक स्टीलचा, गार आणि निसरडा होता. माणसं त्यावर बसत नव्हती, घसरत होती. दारातून दिसेल तेवढं आत सगळं लखलखीत. पोरं-पोरी इंग्रजीत बोलणारी, यंत्रं स्वतःशी गुणगुणणारी. आता इथे वसुधाला काय सापडणार, असं मला वाटत होतं. दुपारी ती बाहेर आली तेव्हा ओठ दाबून हसत होती.

"फ्रीजचं तापमान रोज बघून लिहायचं असतं," ती म्हणाली. "यांनी उद्याचंही लिहून ठेवलंय."

"हुशार आहेत," मी म्हणालो. "हवामान खात्याला जमत नाही ते."

बाकी लॅब उत्तम होती. कुप्यांची उत्तरं बरोबर आली. उद्याचं तापमान लिहिणारा मुलगा वसुधाला खाली गाडीपर्यंत सोडायला आला आणि परत परत म्हणत होता, "मॅडम, फ्रीज खरंच तेवढाच राहतो हो!"

गाडी संस्थेने ठरवून दिली होती. चालवणारे दत्ताभाऊ चाकणजवळच्या एका जुन्या गावचे. घरची बरीचशी जमीन कंपन्यांत गेली. उरलेल्या तुकड्यात कांदा, आणि आलेल्या पैशातून दोन गाड्या. त्यातली एक ते स्वतः चालवत. मी त्यांना माझ्या कॅनमधलं पाणी देऊ केलं, मंगळवेढ्याच्या पाण्याची थोरवीही सांगितली.

"नगं सर," ते म्हणाले. "आमच्या पोटाला हितलंच लागतंय."

मला त्यांची कीव आली होती, हे इथे नमूद करून ठेवतो.

काळेवाडी

दुसऱ्या दिवशी काळेवाडी. गल्ली एवढी अरुंद की समोरून टेम्पो आला तेव्हा दत्ताभाऊंनी आरसे मिटून घेतले. दोन्ही बाजूंना दुकानं. मोबाइल दुरुस्ती, पिठाची गिरणी, ब्लाउजचं शिवणकाम, आणि त्यांच्या मधे ही लॅब, एका खोलीची. खिडकीजवळ सूक्ष्मदर्शक, त्यापुढे एक पोक्त बाई. खोकल्याच्या रोग्यांचा बेडका काचपट्टीवर पसरून त्यात क्षयाचे जंतू शोधायचे, हे तिचं काम.

इथला बाक लाकडी होता, मागे भिंतीला तेलाचे डाग. टेकणाऱ्या डोक्यांच्या पिढ्या होऊन गेल्याची खूण. मी त्यात भर घातली, कारण सकाळपासून अंग जड वाटत होतं. वसुधा आत गेली. तिने काचपट्ट्या दिल्या, त्या बाईने शांतपणे एकेक बघून उत्तरं सांगितली. सगळी बरोबर. रंग ताजे, बाटल्यांवर तारखा, कचऱ्याच्या पिशव्या जागच्या जागी. वसुधाने टेबलाखाली वाकून पाहिलं, कपाटाच्या मागे पाहिलं. काहीच नाही.

बाहेर आली ती उदास होऊन. जिच्यात खोट काढता आली नाही अशी मुलगी बघून आल्यावर माझी मावशी अशीच दिसायची.

"काहीतरी लिहायला हवं ना," ती म्हणाली.

"चांगलं आहे असं लिही."

"त्याला पुरावा लागतो," ती म्हणाली, आणि परत आत जाऊन अर्धा तास चांगलेपणाचा पुरावा गोळा करत बसली.

तेवढ्या वेळात मी आणि दत्ताभाऊंनी कोपऱ्यावरची मिसळ खाल्ली. आमच्याकडे शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीची कडक भाकरी हा माणसाचा आहार. इथली तर्री बघून मला भट्टीतल्या लोखंडाची आठवण झाली. पण कमीपणा नको म्हणून दुसऱ्यांदा तर्री मागितली. संध्याकाळी लॉजवर आलो ते कुडकुडतच. अंगात ताप होता.

वसुधाने कपाळाला हात लावला. "दोनदा तर्री घेतलीत ना?"

"हो."

"मग?" असं म्हणून तिने एक गोळी दिली आणि माझं निदान संपलं.

चाकण

तिसऱ्या दिवशी चाकण. नाशिक रस्त्याला लागलं की डोळ्यांसमोर नुसती चाकं दिसतात. कंटेनर, ट्रेलर, कंपन्यांच्या बसगाड्या, आणि या सगळ्यांच्या मधून वाट काढणारी कांद्याची पिकअप. कोऱ्या करकरीत मोटारी पाठीवर घेतलेला एक लांबलचक ट्रेलर आमच्यापुढे उभा होता. जन्मून आठवडा झाला नाही तोवर त्या मोटारी ट्रॅफिकमध्ये अडकल्या होत्या. "त्यांनाबी सवय लागाया नगो का," दत्ताभाऊ म्हणाले.

लॅब चौकापासून जरा पुढे, रस्त्याला लागूनच. मालकीण सुरेखा. पस्तिशीची, इथल्याच जुन्या शेतकरी घरातली सून. लग्नानंतर लॅबचा कोर्स केला, नवऱ्याच्या गाळ्यात लॅब टाकली. दारात रांगोळी काढली होती. आत टेबलावर ताट, त्यात शाल, नारळ आणि पेढ्यांचा बॉक्स. तपासणीला येणारी बाई म्हणजे प्रमुख पाहुणी, असा तिचा समज झाला असावा.

"हे नको," वसुधा म्हणाली.

"बरं मॅडम, चहा तरी?"

"चहाही नको. ज्या लॅबची तपासणी करायची तिथं काही घ्यायचं नाही, असा नियम आहे."

सुरेखाचा चेहरा पडला. पाहुणा चहाला नाही म्हणतो म्हणजे त्याच्या मनात काहीतरी आहे, हे आपल्याकडे सगळ्यांनाच कळतं. मी घाईघाईने म्हणालो, "मी लॅब तपासत नाही, मला चालेल." पण त्या दिवशी मला चहासुद्धा गेला नाही. अर्धा कप तसाच राहिला.

सुरेखाचं या तपासणीत बरंच अडकलं होतं. जवळच्या एका कंपनीला कामगारांच्या वार्षिक तपासणीसाठी लॅब हवी होती आणि संस्थेचा शेरा चांगला असेल तरच तिला काम मिळणार होतं. रस्त्याच्या पलीकडे, बरोब्बर समोर, दुसरी लॅब होती. तिचा बोर्ड सुरेखाच्या बोर्डापेक्षा दुप्पट मोठा.

इथल्या बाकावर मात्र मला करमणूक भरपूर होती. कंपन्यांचे गणवेश घातलेली माणसं तापाने फणफणत बसलेली. शेजारचा लातूरकडचा होता.

"काय झालंय?" मी विचारलं.

"टायफॉइड असंल."

"कशावरून?"

"दरवर्षी असतोय की. हे तिसरं."

पलीकडचा म्हणाला, "माझं पाचवं." आणि दोघं माझ्याकडे अशा नजरेने बघू लागले की, तुमचं कितवं? एकही झालेला नसल्याने मी ओशाळलो.

इतका टायफॉइड एका बाकावर कसा, याचा उलगडा आतल्या आवाजातून होत होता. लॅब लहान असल्याने सगळं ऐकू यायचं. सुरेखा टायफॉइडसाठी झटपट तपासणी करायची. पांढऱ्या प्लेटवर रक्तातल्या पाण्याचा एक थेंब, त्यात रंगीत औषधाचा एक थेंब, प्लेट हलवायची आणि बघायचं. गुठळ्या धरल्या तर टायफॉइड, नाही धरल्या तर नाही. काम दोन मिनिटांचं. औषधाच्या खोक्यात दोन जास्तीच्या कुप्या येतात. एक नक्की गुठळी करणारी, दुसरी नक्की न करणारी. रोज आधी त्या लावून बघायच्या, म्हणजे औषध आणि आपली नजर दोन्ही ठिकाणावर आहेत हे कळतं. सुरेखाच्या फ्रीजमध्ये त्या दोन्ही कुप्यांची झाकणं सीलबंद होती. चांगल्या कपबशा जशा पाहुण्यांसाठी राखून ठेवतात, तशा.

"या कधी उघडणार होतीस?" वसुधाचा आवाज.

"मॅडम, त्यात किती औषध जातं वाया."

"आणि ही पुसटशी गुठळी दिसली की काय लिहितेस?"

"ताप असंल तर पॉझिटिव्ह."

"ताप नसलेला माणूस तुझ्याकडे येतो कशाला?"

आत प्लेट धुतल्याचा आवाज आला.

"ही तपासणी एवढ्यावर विश्वास ठेवण्यासारखी नाही, सुरेखा. रक्त बाटलीत घालून जंतू वाढवून बघायला हवेत. कल्चर."

"मॅडम, ते चिंचवडला पाठवायचं, तीन दिवस लागणार. हितल्या माणसाची शिफ्ट बुडाली की पगार जातोय. त्याला आज संध्याकाळी आजाराचं नाव पाहिजे. मी न्हाई दिलं तर समोरचा देतोय."

वसुधा यावर काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, कारण माझे दात वाजायला लागले होते. दुपारी वसुधा पेटीतल्या कुप्यांची उत्तरं ताडण्यात बुडाली असताना सुरेखा बाहेर आली आणि माझ्याकडे बघून थबकली.

"काका, तुम्हाला तर ताप हाय!"

"मिसळ आहे," मी म्हणालो. घरचं निदान तेच होतं.

तिने ऐकलं नाही. हात धरून खुर्चीत बसवलं, रक्त घेतलं. थोड्या वेळाने हसत बाहेर आली. "काळजी करू नका. निगेटिव्ह हाय."

बाकावरचे लातूरकर हळहळले. त्या दिवशी बाकावर निगेटिव्ह आलेला मी एकटाच.

परतताना गाडीत वसुधाला सांगितलं. आधी ती चिडली. जिच्या लॅबची तपासणी चालू आहे तिच्याकडूनच माझं रक्त तपासून घेतलं म्हणून. मग म्हणाली, "बरं, निगेटिव्ह आहे ना? झालं तर. आता दोन दिवस नुसता वरणभात."

पुन्हा चिंचवड

दोन दिवस थांबायची वेळ आली नाही. सकाळी मला उठून बसवेना. वसुधा पलंगाशेजारी उभी राहून बेत आखत होती. दुपारच्या गाडीने घरी जाऊ, तिथं आपल्या डॉक्टरांना दाखवू, पोट बिघडलंय, दुसरं काही नाही.

"एक विचारू?" मी म्हणालो. "काल दिवसभर तू त्या पोरीला सांगत होतीस की या तपासणीवर विश्वास ठेवू नकोस. मग माझ्या निगेटिव्हवर कसा काय बसला?"

मला वाटलं होतं ती फटकारेल. ती खुर्चीत बसली. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली, म्हणजे नवऱ्याकडे बघतात तसं नाही, पेशंटकडे बघतात तसं. मग उठली, दत्ताभाऊंना फोन केला, आणि आम्ही पहिल्या दिवशीच्या त्याच मोठ्या हॉस्पिटलात गेलो.

कल्चरसाठी रक्त घ्यायला आला तो उद्याचं तापमान लिहिणारा मुलगा. वसुधा त्याच्याकडे बघतच राहिली. काही दिवसांपूर्वी जिच्यापुढे तो घाम पुसत होता, तिच्याच नवऱ्याचा दंड आता त्याच्या हातात होता. त्याने माझी कातडी इतक्या वेळा पुसली की मला वाटलं भिंतीसारखा रंग देतो की काय. "मॅडम, ठीक आहे ना?" तो विचारायचा. "तुम्ही तुमचं काम करा," वसुधा म्हणायची आणि पदराशी चाळा करायची. मग रक्त घेऊन तो लॅबमध्ये गेला. पहिल्यांदाच ती बाकावर होती आणि दार आतून लागलेलं.

मला तिथंच दाखल करून घेतलं. तिसऱ्या दिवशी जंतू उगवले. टायफॉइड.

त्याच संध्याकाळी गावाहून चुलतभावाचा फोन आला. निघण्याच्या आधल्या आठवड्यात त्याच्या शेतावर आम्ही हुरडा खायला जमलो होतो. तिथं विहिरीच्या पाण्याचं ताक मी तीन तांबे प्यायलो होतो. चुलतभाऊ तापाने पडला होता, त्याचा मेहुणाही. वसुधाने तारखा जुळवल्या आणि फोनवरच दोघांना रक्ताची बाटली भरायला लावली. मग माझ्याकडे वळली. मला काय ऐकावं लागणार ते ठाऊक होतं. कारखान्यांच्या मुलखातल्या पाण्याला नावं ठेवत आलेला मी टायफॉइड मंगळवेढ्याहून पोटातून घेऊनच आलो होतो. चिंचवडकरांनी खरं तर मला जकात नाक्यावरच अडवायला हवं होतं.  पण वसुधाने लॉजवरचा कॅन दत्ताभाऊंकडून रिकामा करून घेतला, एवढंच.

रात्रीचं जेवण आलं तेव्हा मात्र पेज ढवळता ढवळता म्हणाली, "तुमच्या जागी दुसरा कुणी असता ना, तर मी पहिल्याच दिवशी रक्त पाठवलं असतं. दोन दिवस ताप, कुडकुडणं, जेवण जात नाही. एवढं समोर होतं. पण मी तुम्हाला बघत होते."

"म्हणजे काय?"

"म्हणजे मिसळ बघत होते," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. मी पेज मुकाट्याने संपवली. टायफॉइडपेक्षा त्या डोळ्यांची मला जास्त धास्ती वाटली.

दुसऱ्या दिवशी सुरेखा आली. हातात मुगाच्या खिचडीचा डबा. दत्ताभाऊंकडून बातमी लागली होती. दारातच उभी राहिली. वसुधाने बस म्हटलं तरी बसेना.

"मॅडम, काकांच्या प्लेटवर बारीक गुठळी होती," ती एका दमात म्हणाली. "दुसरं कोण असतं तर मी पॉझिटिव्हच लिहिलं असतं. पण तुमचे मिस्टर. मला वाटलं, पाहुण्या माणसाला असं कसं सांगायचं. आन तुम्ही सकाळपासून म्हणत होता, पॉझिटिव्ह लई लिहितेस. म्हणून निगेटिव्ह लिहिलं."

मी वसुधाकडे बघितलं. आता वीज पडणार होती. वसुधाने खिचडीचा डबा उघडला.

"तुझ्या लॅबबद्दल मी आता काही लिहू शकत नाही," ती म्हणाली. "माझ्या घरातला माणूस तुझा पेशंट झाला. संस्थेला तसं कळवलंय, दुसरे कुणीतरी येतील. पण हे सगळं त्यांना तू स्वतः सांग." मग तिने एक घास तोंडात टाकला. "मीठ बरोबर आहे."

नियमातून सुटल्यावर तिने चाकणचं खाल्लेलं ते पहिलं अन्न. अर्थात ते माझं होतं.

पुन्हा चाकण

हॉस्पिटलातून सुटल्यावर घरी जायचं तर सोलापूरची दिशा धरायला हवी होती. वसुधाने गाडी उलटीकडे, चाकणला घ्यायला सांगितली. सुरेखाने जेवायला बोलावलं होतं. मासवडीचा बेत होता. बेसनाची ती सुबक वळलेली, आत तीळ-खोबऱ्याचं सारण भरलेली वडी आणि झणझणीत रस्सा. मला त्यातलं काहीही मिळणार नव्हतं. मला मऊ भात आणि मासवडीचा वास.

जेवणाआधी त्या दोघींनी एक उद्योग केला. फ्रीजमधल्या जुन्या रक्ताच्या नळ्या काढल्या. नावांवर चिकटपट्टी लावली आणि वरून नुसते नंबर. सीलबंद कुप्या उघडल्या. मग सुरेखा एकेक थेंब लावत गेली आणि वसुधा तिचं उत्तर लिहीत गेली. सगळं झाल्यावर नळ्यांची उलथापालथ करून पुन्हा पहिल्यापासून. ठळक गुठळ्या होत्या तिथं दोन्ही वेळेला उत्तर एकच आलं. पुसट होत्या तिथं सुरेखा एकदा हो म्हणाली, एकदा नाही. पट्ट्या काढल्या. माझी नळीही त्यात होती. पहिल्या वेळेला मला टायफॉइड होता, दुसऱ्या वेळेला नव्हता.

सुरेखा प्लेट हातात धरून बसली. "मॅडम, म्हणजे मी एवढी वर्षं..."

"मलाही तशा गुठळीत काही सांगता येत नाही," वसुधा म्हणाली. "कुणालाच येत नाही. तिथं 'सांगता येत नाही' असंच लिहायचं असतं."

"तसा रिपोर्ट कोण घेणार?"

वसुधाने उघडलेल्या दोन्ही कुप्या झाकणं लावून तिच्यापुढे ठेवल्या.

पुढे महिन्याभराने दुसरे तपासनीस आले. सुरेखाने त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शेरा राखून ठेवला, सुधारणा करून पुन्हा बोलवा म्हणाले. कंपनीचं काम त्या वर्षी तिला मिळालं नाही. पुढच्या वर्षीची बोलणी चालू आहेत, असं दत्ताभाऊ फोनवर सांगतात. पण मला सांगायचाय तो त्या मासवडीच्या दुपारचा प्रसंग.

जेवणं व्हायची होती. एक माणूस आत आला, गणवेशातला, डोळे लाल, कपाळावर घाम. डॉक्टरची चिठ्ठी पुढे करून म्हणाला, "ताई, टायफॉइडची करायची. लवकर द्या, दुसऱ्या शिफ्टला जायचंय."

सुरेखाने झटपट तपासणी केली. प्लेट हलवली, उजेडात धरली, शेजारच्या दोन कुप्यांच्या थेंबांशी ताडून पाहिली. बराच वेळ पाहिली. वसुधा भिंतीकडे तोंड करून बसली होती, मुद्दाम.

"भाऊ, यात सांगता येत न्हाई," सुरेखा म्हणाली. "बाटलीत रक्त द्या, चिंचवडला पाठवते. तीन दिवसांनी पक्कं कळंल. डॉक्टरांशी मी आत्ता बोलते."

"तीन दिवस? हाय का न्हाय एवढं सांगा की राव."

"तेच तर सांगता येत न्हाई."

"समोर सांगतेत," तो म्हणाला, चिठ्ठी उचलली आणि बाहेर पडला.

सुरेखा जागची हलली नाही. दारातून तो दिसत होता. रस्त्याच्या कडेला उभा, पलीकडे जायला. पण समोरून कंटेनरची रांग चालली होती. एक संपला की दुसरा, मग मोटारी लादलेला ट्रेलर, मग कंपनीची बस. तो एक पाऊल पुढे टाकायचा आणि मागे घ्यायचा. चाकणच्या त्या रस्त्याला मी दोन आठवडे नावं ठेवली होती. ती सगळी मी त्या क्षणी मागे घेतली.

सुरेखा उठली आणि चपला न घालताच बाहेर गेली. "ओ भाऊ! जरा आत या. एक मिन्ट." त्याच्या दंडाला धरून तिने त्याला आत आणलं आणि सरळ माझ्यापुढे उभं केलं.

मी बाकावर होतो. कानटोपी, शाल, गळ्याची हाडं वर आलेली.

"हे काका बघा," ती म्हणाली.  "हितंच, या बाकावर बसले होते. यांना मी निगेटिव्ह सांगितलं. माझ्या हातानं लिहून दिलं. आन निघाला टायफॉइड. बाटलीतून निघाला. तुम्हाला मी आता हाय म्हणलं काय आन न्हाई म्हणलं काय, ते असंच व्हईल."

त्या माणसाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. एरवी बाजारात बैल असाच बघतात. मग त्याने विचारलं, "तुम्ही काय करता?"

"मास्तर होतो."

"आता बरं हाय?"

"आहे," मी म्हणालो. आणि पुरावा म्हणून उभा राहिलो. भिंतीला धरून, पण राहिलो.

बाहेर रस्ता एकदाचा मोकळा झाला होता. तो वळून पलीकडच्या बोर्डाकडे बघत थांबला. मग खुर्चीत बसला, बाही वर केली आणि हात पुढे करून तोंड दुसरीकडे फिरवलं.

"घ्या," तो म्हणाला. "पण हळू टोचा."